‘पडद्यावर आकडा दिसला की काम झाले’: सर्व्हरच्या रॅमविषयी फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

गेल्या पावसाळ्यापासून गोव्यातील व्यापाऱ्यांच्या, औषध विक्रेत्यांच्या आणि पतसंस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे. मला तो म्हापशाहून आला, फोंड्याहून आला, आणि मडगावच्या एका कचेरीत तर तो छापून सर्व्हरच्या कॅबिनेटवर चिकटवलेला मी पाहिला. त्याचा आशय असा : सर्व्हर म्हणजे थोडा मोठा कॉम्प्युटरच, त्याची रॅम वाढवायला तंत्रज्ञाला पैसे देण्याचे कारण नाही. स्लॉटमध्ये बसेल ती स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, आणावी, आधी खोडरबराने घासून घ्यावी, रिकामा दिसेल त्या स्लॉटमध्ये दाबावी आणि बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीच्या सेटिंगमध्ये, वेग वाढवून घ्यावा. मिनिटभरात पडदा उजळला नाही तर बंद करून पुन्हा सुरू करावे. सुरू होताना एकूण आकडा बरोबर दिसला की काम झाले; अर्धाच दिसला तर स्टिक बनावट समजून दुकानदाराला परत करावी. ‘मेमरीतील चूक दुरुस्त झाली’ असे इशारे पुढे कधी आलेच तर ते पुसून टाकावेत, कारण ती चूक दुरुस्त झालेलीच असते.

संदेश लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. छोट्या संस्थेला तंत्रज्ञाच्या फेरीचे पैसे जड जातात हे खरे आहे, आणि हाताचे काम म्हणून पाहिले तर रॅम बसवणे दहा मिनिटांत उरकते हेही खरे आहे. संथ झालेल्या सर्व्हरला पुष्कळदा रॅमच कमी पडत असते, आणि स्टिक बसवताना टोकांच्या खिट्ट्या आपोआप मिटेपर्यंत ती सरळ दाबावी लागते, या संदेशातील दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. बाकीचे मुद्दे मात्र घरच्या कॉम्प्युटरचा अनुभव सर्व्हरवर लादून काढलेले आहेत आणि म्हणून ते एकेक करून तपासायला हवेत.

स्लॉटमध्ये बसते ती स्टिक चालते, हे पहिले विधान. रॅमच्या डीडीआर४ पिढीच्या बाबतीत नेमके हेच फसवे आहे. या पिढीच्या अनबफर्ड आणि रजिस्टर्ड अशा दोन्ही जातींच्या स्टिकना २८८ संपर्कबिंदू असतात, खालची खाच एकाच जागी असते, आणि दोन्ही एकाच स्लॉटमध्ये निमूटपणे बसतात. पण रजिस्टर्ड स्टिकवर प्रोसेसरकडून येणारे आदेश आणि पत्ते आधी झेलून मग पुढे पोहोचवणारी एक स्वतंत्र चिप असते, अनबफर्डवर ती नसते, आणि सर्व्हरचा मदरबोर्ड व प्रोसेसर यांना कोणती जात चालते हे बनावटीच्या वेळीच ठरलेले असते. दोन्ही जाती एकत्र बसवल्या तर सर्व्हर सुरूच होत नाही. त्यापुढच्या डीडीआर५ पिढीत रजिस्टर्ड स्टिकला १२ व्होल्टचा आणि अनबफर्ड स्टिकला ५ व्होल्टचा पुरवठा लागतो. त्यामुळे तेथे खाचेची जागाच वेगळी ठेवलेली आहे आणि चुकीची स्टिक मुळात बसतच नाही. तरीही ती जोर लावून बसवू पाहणारे हात मी पाहिले आहेत.

आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारी चूक मात्र थोडी वेगळी आहे. दुकानात जाऊन ‘सर्व्हरची रॅम द्या’ म्हटले की बहुधा रजिस्टर्ड स्टिक हातात पडते, कारण सर्व्हर म्हणजे रजिस्टर्ड असे समीकरण होऊन बसले आहे. पण पतसंस्थेच्या किंवा घाऊक दुकानाच्या कोपऱ्यात उभा असलेला लहान टॉवर सर्व्हर पुष्कळदा इंटेलच्या झिऑन ई-२२०० किंवा ई-२३०० मालिकेतील प्रोसेसरवर चालणारा असतो. त्याला अनबफर्ड ईसीसी (मेमरीतील चूक ओळखून दुरुस्त करणारी) स्टिकच लागते, मेमरीचे चॅनेल, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी यांमधल्या वाटा, दोनच असतात आणि कमाल मर्यादा १२८ जीबी असते. त्या यंत्रात महागडी रजिस्टर्ड स्टिक चालतच नाही. खरेदीपूर्वी जुन्या स्टिकवरील चिठ्ठी वाचली तर हा घोळ टळतो. ‘पीसी४-२६६६व्ही’ अशासारख्या मजकुरानंतर आडवी रेघ आणि तिच्यापुढे एक इंग्रजी अक्षर असते : ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड, ‘ई’ म्हणजे अनबफर्ड पण ईसीसी असलेली, ‘यू’ म्हणजे अनबफर्ड आणि ईसीसी नसलेली, ‘एल’ म्हणजे मोठ्या क्षमतेसाठी वापरली जाणारी लोड-रिड्यूस्ड. चिठ्ठी फाटली असेल तर मेमरीच्या चिपा मोजाव्यात. डीडीआर४ मध्ये त्या संख्येला नवाने पूर्ण भाग जात असेल तर स्टिक ईसीसीची आहे. आठाने जात असेल तर साधी. रजिस्टर्ड स्टिकच्या मधोमध असलेली वेगळ्या आकाराची चिप मात्र या मोजणीत धरायची नाही.

ही नववी चिप म्हणजेच ईसीसी. डीडीआर४ मध्ये माहितीच्या दर ६४ बिटांबरोबर (बिट म्हणजे शून्य किंवा एक असा एकच अंक) तपासणीचे ८ बिट साठवले जातात. त्यांच्या आधारे एक बिट उलटला असेल तर तो वाचतानाच दुरुस्त होतो, आणि दोन उलटले असतील तर निदान ते कळते. काही टॉवर सर्व्हरांत साधी, ईसीसी नसलेली स्टिकही चालते, आणि ‘बघा, चालते ना’ या वाक्याचे सारे बळ तेथूनच येते. तिच्यात एखाद्या ठेवीदाराच्या खात्याच्या आकड्यातील बिट उलटला तर तो चुकीचा आकडा कोणतीही तक्रार न करता डिस्कवर लिहिला जाईल, रात्री त्याचा बॅकअपही घेतला जाईल, आणि नंतर चौकशी करताना मेमरीवर बोट ठेवायला कोणतीही नोंद सापडणार नाही. ईसीसीचे काम केवळ दुरुस्तीचे नाही, साक्षीचेही आहे. ‘डीडीआर५ मध्ये ईसीसी आपोआपच असते’ अशी पुरवणी अलीकडे या संदेशाला जोडलेली दिसते. डीडीआर५ च्या प्रत्येक चिपच्या पोटात स्वतःपुरती दुरुस्ती असते हे खरे आहे, परंतु चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही. त्या वाटेसाठी सर्व्हरच्या डीडीआर५ स्टिकवरही जादा चिपा लावलेल्याच असतात.

दुसरे विधान, रिकामा दिसेल तो स्लॉट आपला. सर्व्हरमध्ये स्लॉट रिकामा असणे आणि तो वापरण्याजोगा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या सर्व्हरमध्ये मेमरीचे नियंत्रण प्रोसेसरच्या आतच असते आणि प्रत्येक स्लॉट एका ठरावीक प्रोसेसरच्या ठरावीक चॅनेलला जोडलेला असतो. दोन प्रोसेसरांची सोय असलेल्या मदरबोर्डवर एकच प्रोसेसर बसवलेला असेल तर दुसऱ्याच्या बाजूचे सगळे स्लॉट निर्जीव असतात. त्यांत ठेवलेली स्टिक तिजोरीत ठेवल्यासारखी नुसती पडून राहते.

बार्देश तालुक्यातील एका पतसंस्थेत हेच घडले होते. सर्व्हर दोन प्रोसेसरांचा होता, पण आत झिऑन सिल्व्हर ४२१० हा एकच प्रोसेसर आणि १६ जीबीच्या दोन स्टिक होत्या. चवथीच्या आधी अर्धवार्षिक हिशेबाची तयारी सुरू झाली तेव्हा तेथील व्यवस्थापकांनी आणखी दोन स्टिक आणून पलीकडच्या बाजूला, जिथे हात सहज पोहोचत होता तिथे, बसवल्या. पडद्यावर ३२ जीबीच दिसले. संदेशात लिहिल्याप्रमाणे त्यांनी स्टिक बनावट ठरवल्या आणि दुकानदाराशी त्यांची चांगलीच जुंपली. दुकानदार बिचारा त्या स्टिक स्वतःच्या यंत्रात चालवून दाखवत होता आणि हे त्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. मी गेलो तेव्हा कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेला नकाशा त्यांना दाखवला. तो जवळपास प्रत्येक सर्व्हरवर असतो आणि तो वाचायला कोणत्याही तंत्रज्ञाची गरज नसते.

त्या नकाशात स्लॉट भरण्याचा क्रमही दिलेला असतो आणि तो पाळण्यामागे कारण आहे. इंटेलच्या झिऑन स्केलेबल मालिकेच्या (वरचा सिल्व्हर ४२१० याच मालिकेतला) पहिल्या दोन पिढ्यांत प्रत्येक प्रोसेसरला मेमरीचे ६ चॅनेल असतात, तिसऱ्या पिढीपासून ८. एएमडीच्या एपिक ७००० मालिकेच्या पहिल्या तीन पिढ्यांत ८ आणि ९००४ मालिकेत १२. डीडीआर४-२४०० या वेगाला एका चॅनेलमधून सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी माहिती ये-जा करू शकते, म्हणजे सहाही चॅनेल वापरात असतील तर ११५.२ जीबी. ३२ जीबीच्या दोन स्टिक घालून ६४ जीबी केले तर सहापैकी चार वाटा बंदच राहतात; तेच १६ जीबीच्या सहा स्टिक घालून ९६ जीबी केले तर सगळ्या खुल्या होतात. एकाच चॅनेलवरचे दोन्ही स्लॉट भरून शेजारचे चॅनेल रिकामे ठेवणे ही सर्वांत वाईट मांडणी. शिवाय काही यंत्रांत एका चॅनेलवर दोन स्टिक झाल्या की वेगही उतरतो. झिऑन स्केलेबलच्या चौथ्या पिढीत एका स्टिकला ४८०० असलेला वेग दोन स्टिकना ४४०० होतो.

खोडरबराचा सल्ला आपल्याकडे इतका रुळला आहे की त्याविरुद्ध लिहिताना आजीच्या बटव्याविरुद्ध लिहिल्यासारखे वाटते. पूर्वीच्या जाड संपर्कपट्ट्यांवर तो खपून गेला असेल. स्टिकच्या कडेवरील सोन्याचा मुलामा मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि त्याच्याखाली निकेल असते. खोडरबर हा बारीक घासपत्रीसारखाच असतो. त्याने काळेपणा जातो तसे सोनेही जाते, आणि एकदा निकेल उघडे पडले की आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत संपर्क पुन्हा बिघडायला वेळ लागत नाही. रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो तो वेगळाच, आणि घासण्याने स्थिर विद्युतही निर्माण होते. नवी स्टिक मुळात स्वच्छच असते. जुनी पुसायचीच असेल तर धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी.

‘गोव्यात हवा दमट, त्यामुळे स्थिर विद्युतची भीती नाही’ हे वाक्य संदेशात आहे आणि त्यात अर्धे सत्य आहे. दमट हवेत भार साचण्याचे प्रमाण कमी होते, हे निर्विवाद. पण सर्व्हर अंगणात नसतो, वातानुकूलित खोलीत असतो. वातानुकूलन यंत्र हवेतील ओल काढूनच टाकते, आणि खुर्ची, गालिचा, प्लास्टिकची पिशवी आपापले काम करत राहतात. माणसाला बोटावर झटका जाणवतो तोच साधारण ३,००० व्होल्टच्या आसपास. नाजूक चिपला त्याच्या एक दशांशाहून कमी विद्युतदाबही पुरेसा असतो. म्हणजे जे नुकसान होते ते बहुधा जाणवतच नाही. मनगटाला बांधायचा अर्थिंगचा पट्टा फार महाग नसतो. तो नसेल तर निदान कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून ठेवावा आणि स्टिक कडेने धरावी.

दमटपणाचा खरा धोका दुसरीकडेच आहे. पावसाळ्यात थंड खोलीतला सर्व्हर ‘उजेडात काम करू’ म्हणून व्हरांड्यात आणला तर थंड धातूवर आणि मदरबोर्डवर दव धरते, चष्म्यावर धरते तसेच. काम त्याच खोलीत करावे. बाहेर न्यावाच लागला तर झाकण न उघडता तो बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे. आणि वीज काढताना दोन्ही वायरी काढाव्यात. सर्व्हरला पुष्कळदा दोन वीजपुरवठे असतात, एक वायर काढून निश्चिंत झालेला माणूस दुसरीवर जिवंत असलेल्या मदरबोर्डमध्ये हात घालत असतो, आणि बटनाने बंद केलेला सर्व्हरही आतून पूर्ण बंद नसतो. दोन्ही वायरी काढल्यावर सुरू करण्याचे बटन काही सेकंद दाबून धरावे आणि आतले दिवे विझल्याची खात्री करावी.

वेगाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. जास्त आकड्याची स्टिक आणून सर्व्हर वेगवान होत नाही. प्रोसेसरची मर्यादा आणि सर्वांत संथ स्टिक यांपैकी जे कमी असेल त्या वेगाने सगळ्या स्टिक चालतात. वर सांगितलेला सिल्व्हर ४२१० डीडीआर४-२४०० च्या पुढे जात नाही, मग स्टिकवर २९३३ छापलेले असो की ३२००. खेळाच्या कॉम्प्युटरांत एक्सएमपी नावाची सेटिंग असते, ती स्टिकला ठरलेल्या प्रमाण वेगापेक्षा पुढे ढकलते. व्यवसायाच्या सर्व्हरच्या बायोसमध्ये ती सहसा नसतेच, आणि नसण्यातच शहाणपण आहे. हिशेबाचे यंत्र शर्यतीत उतरवून दोन-चार टक्के वेग कमवायचा आणि त्याच्या बदल्यात अचूकता पणाला लावायची, हा सौदा कोणता सनदी लेखापाल मान्य करील?

मिनिटभरात पडदा उजळला नाही तर पुन्हा बंद-सुरू करा, हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. मेमरीची रचना बदलल्यानंतरच्या पहिल्या सुरुवातीला सर्व्हर प्रत्येक चॅनेलवर संकेतांचे वेळापत्रक नव्याने जुळवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. स्टिक जितक्या जास्त तितका वेळ जास्त लागतो, आणि डीडीआर५ च्या मोठ्या सर्व्हरांत काही मिनिटे पडदा काळा राहून पंखे जोरात फिरत राहणे अगदी स्वाभाविक आहे. जुळवणी पूर्ण झाली की तिचे निष्कर्ष जपून ठेवले जातात, म्हणून पुढच्या वेळी सर्व्हर लवकर सुरू होतो. मध्येच बटन दाबणारा माणूस दर खेपेला हे काम पहिल्यापासून सुरू करायला लावतो आणि मग ‘स्टिक खराब’ असा निष्कर्ष काढतो. पावसाळ्यात आपली वीज कशी येते-जाते हे सांगायला नको. यूपीएसच्या बॅटरीची अवस्था आधी पाहून घ्यावी, घड्याळ लावावे आणि चहा घ्यावा. दूरस्थ व्यवस्थापनाची सोय असेल, उदाहरणार्थ डेलची आयड्रॅक किंवा एचपीईची आयएलओ, तर पडदा काळा असतानाही यंत्र कोणत्या टप्प्यावर आहे ते तिच्यात पाहता येते.

आता मुख्य मुद्दा, पडद्यावरचा आकडा. तो येतो कुठून हे समजून घेतले तर त्याचे वजन किती मानायचे ते ठरवता येईल. प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची एक इवलीशी चिप असते. तिच्यात त्या स्टिकची क्षमता, जात, वेग, निर्माता आणि अनुक्रमांक लिहिलेले असतात. सुरू होताना बायोस ही माहिती वाचतो, त्यानुसार जुळवणी करतो, जुजबी चाचणी घेतो आणि बेरीज दाखवतो. म्हणजे पडद्यावरचा ६४ जीबी हा आकडा प्रामुख्याने स्टिकनी स्वतःविषयी दिलेल्या माहितीची बेरीज असते. शाळेत हजेरी घेताना प्रत्येक मुलाने ‘हजर’ म्हटले एवढाच त्याचा अर्थ. गणित कोणाला येते हे त्यातून कळत नाही. शिवाय सर्व्हर लवकर सुरू व्हावा म्हणून ती जुजबी चाचणीही बायोसच्या सेटिंगमध्ये पुष्कळदा बंद ठेवलेली असते.

उलट, आकडा कमी दिसला म्हणजे स्टिक बनावट असेही नाही. निर्जीव स्लॉटचे उदाहरण वर आलेच. मेमरी मिररिंग ही सेटिंग सुरू असेल तर प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती ठेवल्या जातात आणि ६४ जीबीचे ३२ जीबीच वापराला मिळतात. स्पेअरिंग सुरू असेल तर काही भाग राखीव जातो. विंडोज सर्व्हर २०१९ ची इसेन्शियल्स आवृत्ती ६४ जीबीपलीकडची मेमरी वापरतच नाही. बायोसमध्ये आकडा पूर्ण आणि विंडोजमध्ये कमी अशी स्थिती असेल तर एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगच्या साधनातील ‘मॅक्सिमम मेमरी’ची चौकट तपासावी. ती टिचकी मारून ठेवल्याने मेमरी पूर्ण मिळते असा एक जुना समज आहे. प्रत्यक्षात ती सेटिंग मेमरी मर्यादित करण्यासाठीच आहे. चाचणीखेरीज तिला हात लावू नये. मुळात सर्व्हर संथ का आहे हेही पाहायला हवे. दुकानाचे सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या मोफत एक्सप्रेस आवृत्तीवर चालत असेल, तर २०१६ ते २०२२ या आवृत्त्यांत ती माहितीच्या साठवणीसाठी फक्त १,४१० एमबी मेमरी वापरते. अशा ठिकाणी रॅम दुप्पट केली तरी बिल तितक्याच वेळात निघणार.

मग खात्री करायची कशी? मी करतो ते सांगतो. प्रथम बायोसमध्ये बेरीज न पाहता प्रत्येक स्लॉट वेगवेगळा पाहतो : कोणत्या स्लॉटमध्ये किती क्षमता, कोणत्या वेगाने, आणि मेमरीची पद्धत कोणती. हे कागदावर उतरवतो, स्टिकच्या अनुक्रमांकासह. त्यानंतर सर्व्हरच्या घटना-नोंदवहीत जुने इशारे असतील तर ते जपून ठेवून नोंदवही कोरी करतो, म्हणजे पुढचा इशारा नव्या स्टिकचा की जुन्या दुखण्याचा हे कळते. मग ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ईसीसी खरोखर जागी आहे का ते पाहतो. लिनक्सवर डीएमआयडीकोड ही आज्ञा दिली की प्रत्येक स्टिकची एकूण रुंदी आणि माहितीची रुंदी दिसते. डीडीआर४ वर ७२ आणि ६४ असे आकडे हवेत, दोन्हीकडे ६४ असेल तर ईसीसी नाही. विंडोजवर पॉवरशेलमधून हेच मिळते. ही माहितीही बायोसनेच लिहून ठेवलेली असते, म्हणून लिनक्समध्ये ईडॅकचे मोजमाप सुरू आहे की नाही तेही बघतो, कारण प्रत्यक्ष दुरुस्त झालेल्या चुका मोजणारा तोच. दोन प्रोसेसर असतील तर न्यूमाकंट्रोलच्या आज्ञेने प्रत्येकाच्या वाट्याला समान मेमरी आली आहे का तेही एका नजरेत कळते.

यानंतर रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे मेमरी तपासणारा कार्यक्रम. यासाठी सर्व्हर बंद ठेवावा लागतो, म्हणून शनिवारची संध्याकाळ बरी. ६४ जीबीचा एक पूर्ण फेरा व्हायलाच काही तास लागतात आणि एका फेऱ्यावर मी समाधान मानत नाही. येथे एक खाचखळगा आहे आणि अनुभवी माणसेही त्यात पडतात. ईसीसी सुरू असताना एका बिटाची चूक स्टिककडून प्रोसेसरकडे येतानाच दुरुस्त होते, त्यामुळे चाचणीच्या कार्यक्रमाला बरोबर उत्तरच मिळते आणि पडद्यावर शून्य चुका दिसतात. आजारी स्टिकही अशी उत्तीर्ण होते. म्हणून सकाळी मेमटेस्टचा निकाल पाहिल्यावर लगेच व्यवस्थापन चिपची, म्हणजे वर कोरी केलेली तीच, नोंदवही उघडायची. रात्रीत दुरुस्त झालेल्या चुका तिथेच नोंदलेल्या असतात. दोन्हीकडे शून्य असेल तरच सर्व्हर सोमवारी कामाला लावायचा.

शेवटचे विधान या नोंदींविषयीचेच आहे : दुरुस्त झालेली चूक म्हणजे मिटलेला विषय. गूगलच्या यंत्रांचा दोन वर्षांहून अधिक काळ अभ्यास करून टोरंटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली निष्कर्ष मांडले. त्यांत वर्षभरात सुमारे एक तृतीयांश यंत्रांमध्ये आणि ८ टक्क्यांहून अधिक स्टिकमध्ये दुरुस्त होणाऱ्या चुका आढळल्या होत्या. म्हणजे असा इशारा दुर्मीळ नाही आणि एका इशाऱ्याने घाबरून जाण्याचेही कारण नाही. पण त्याच अभ्यासात असेही दिसले की एकदा चूक दाखवलेली स्टिक पुन्हा चूक दाखवण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, आणि दुरुस्त न होणाऱ्या, म्हणजे यंत्र थांबवणाऱ्या, चुकांच्या आधी बहुतेक वेळा त्याच किंवा आदल्या महिन्यात दुरुस्त होणाऱ्या चुका येऊन गेलेल्या असतात. चुका सगळ्या स्टिकमध्ये समान वाटलेल्या नसतात. थोड्या स्टिक बहुतेक चुका करतात. नोंद पुसणारा माणूस ती थोडकी नावेच पुसत असतो.

बार्देशातील त्या पतसंस्थेतील चारही स्टिक मी नकाशाप्रमाणे चार वेगळ्या चॅनेलवर बसवल्या. वेग २४००, बेरीज ६४ जीबी, मेमटेस्ट स्वच्छ, नोंदवही कोरी. तिसऱ्या आठवड्यात व्यवस्थापकांचा फोन आला की नोंदवहीत दुरुस्त झालेल्या चुकांच्या सात ओळी आहेत आणि सगळ्या एकाच स्लॉटच्या नावावर आहेत. पुसल्या नाहीत ना, एवढेच मी विचारले. रविवारी जाऊन त्या स्लॉटमधील स्टिक आणि शेजारच्या चॅनेलवरील स्टिक यांची अदलाबदल केली. चूक स्लॉटची, म्हणजे मदरबोर्डची किंवा प्रोसेसरची असती, तर ती जागच्या जागी राहिली असती. चार दिवसांनी नव्या ओळी आल्या त्या शेजारच्या स्लॉटच्या नावाने, म्हणजे चूक स्टिकबरोबर सरकली होती. अनुक्रमांक कागदावर होताच. नोंदवहीची छापील प्रत घेऊन व्यवस्थापक त्याच दुकानदाराकडे गेले, आणि या खेपेला वाद न होता हमीत स्टिक बदलून मिळाली. या सर्व दिवसांत, सुरू होताना पडद्यावर दिसणारा आकडा ६४ जीबीच होता.